आंबट बिअर आणि दारूबंदीवाले बाबा

आईबाबा पहिल्यांदा आयर्लंडला यायचे ठरले, तेव्हा एनिसमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींचा मला एकच सल्ला होता: शेडमधलं सगळं आधी हलव. एका मैत्रिणीने तर स्वतःचं गराज देऊ केलं. "तीनच महिन्यांचा प्रश्न आहे गं. ते गेले की घेऊन जा परत," ती म्हणाली.

तिला काळजी वाटणं साहजिक होतं. माझे बाबा वर्ध्याचे. वर्धा दारूबंदीचा जिल्हा, आणि बाबांनी अख्खी नोकरी दारूबंदी खात्यात काढलेली. नाल्याकाठच्या झुडपांत आणि शेतातल्या गोठ्यांमागे लपवलेल्या हातभट्ट्या शोधायच्या, मोहफुलांचा आंबवलेला सडवा जमिनीवर ओतायचा, मडकी फोडायची, पंचनामा करायचा, हे त्यांचं काम. आणि त्यांची मुलगी, म्हणजे मी, घरामागच्या शेडमध्ये बेल्जियन पद्धतीची आंबट बिअर करत होते. हौसेपुरत्या एक-दोन बाटल्या नव्हे, ओकच्या लाकडाचं एक अख्खं पिंप भरून.

मी काही हलवलं नाही. चाळिशी उलटलेली बाई मी, शॅननच्या एका कंपनीत विमानांच्या भाडेकरारांचं सॉफ्टवेअर सांभाळते. घर माझं, शेड माझी. चोरून करावी लागणारी गोष्ट असती तर मी ती केलीच नसती. फोनवर बोलले नव्हते, कारण ही गोष्ट मला समोर उभं राहून दाखवायची होती. आल्यावर एक दिवस विश्रांती, मग दोघांना शेडमध्ये न्यायचं, असं मी ठरवलं होतं.

बाबांनी तेवढी वाट पाहिली नाही. विमानतळावरून घरी आलो, चहा झाला, आणि ते पाय मोकळे करायला मागच्या बागेत गेले. मी भांडी विसळता विसळता खिडकीतून बघत होते. शेडच्या दारापाशी ते थबकले. मान किंचित वर केली. आत न जाता सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले.

"इथं सडवा हाय," ते म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. "माझाच आहे. चला, दाखवते."

आई विसळलेला कप पुसत होती, ती थांबली. "कायचा सडवा, व?"

"बिअर, आई. मी घरी बिअर करते."

आईने कप खाली ठेवला आणि आधी बाबांकडे पाहिलं. आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. बाबा हात मागे बांधून पिंपाभोवती फिरले, वाकून पिंपाखाली पाहिलं, फळीवरच्या नळ्या बोटाने सारून पाहिल्या. तांब्याची नळी आहे का ते बघत होते, हे मला लहानपणापासूनच्या गोष्टींमुळे लगेच कळलं. तांब्याची नळी म्हणजे गाळायची सोय.

"लायसन?" त्यांनी विचारलं.

"लागत नाही. इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला परवानगी आहे. विकायची नाही. आणि गाळायची तर अजिबात नाही, तो इथेही गुन्हा आहे."

"गाळत तं नाई ना तू?"

"नाही बाबा."

"बरं." ते दाराकडे वळले. दारात थांबून म्हणाले, "मले आवडलं नाई. सांगून ठेवतो."

"मला माहीत होतं नाही आवडणार ते. पण लपवायचं नव्हतं."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. आई मात्र पिंपावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. "थंड हाय," म्हणाली आणि आत गेली.

ही बिअर मी शिकले ब्रसेल्सला. कंपनीच्या कामासाठी तिथे काही महिने होते, आणि राहत्या घराच्या खाली एक जुनी, लाकडी बाकांची खानावळ होती. तिथे पहिल्यांदा प्लम घातलेली आंबट बिअर चाखली आणि मी ग्लास खाली ठेवून मालकिणीला विचारलं की हे नक्की काय आहे. नेहमीच्या बिअरचा कडवटपणा नाही, साखरेचा लवलेश नाही, आंबटपणा मात्र स्वच्छ, आणि मागून फळाच्या सालीचा तुरटपणा. मालकिणीला प्रश्न विचारणारे लोक आवडायचे. तिने मला तळघर दाखवलं, पिंपं दाखवली, आणि ही बिअर बाजारातलं यीस्ट टाकून करत नाहीत हे सांगितलं. गहू आणि सातूच्या मोडाचं पाणी उकळून हिवाळ्याच्या हवेत उघडं ठेवायचं. हवेतलं आणि लाकडातलं जे काही त्यात उतरेल, ते त्याला आंबवणार. मग वर्ष-दोन वर्षं पिंपात सोडून द्यायचं.

आयर्लंडला परत आल्यावर मी ते करून पाहिलं. पहिली खेप नेलपॉलिशसारख्या वासाची झाली, ती मी फेकली. दुसरी बरी झाली. आईबाबा आले तेव्हा पिंपात होती ती तिसरी. दोन हिवाळे पाहिलेली, लख्ख आंबट. मी ती दर महिन्याला चमचाभर काढून चाखत होते आणि मला खात्री होती की आजवर मी केलेल्यांत ही सगळ्यांत चांगली. आता तिला फक्त प्लम हवे होते.

प्लम शेजारी होते. आमच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त गार्डा राहतात. इथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात. सत्तरी ओलांडलेले, उंच, जरा वाकलेले, बोलायची प्रचंड हौस. त्यांच्या बागेत डॅमसनची दोन झाडं. डॅमसन म्हणजे प्लमचं धाकटं भावंड: लहान, निळंकाळं, वर पांढुरकी पूड धरलेलं आणि नुसतं खाल्लं तर डोळे मिटायला लावणारं. त्यांच्या बायकोच्या हयातीत त्याचा जॅम व्हायचा. आता निम्मी फळं पक्षी खायचे आणि निम्मी मी मागून घ्यायचे.

बाबांची आणि त्यांची गाठ पडली ती भिंतीवरूनच. मी मध्ये दुभाषी. बाबांचं इंग्रजी खात्याच्या अहवालांमधलं, आणि गार्डासाहेबांचं क्लेअरच्या खेड्यातलं; दोघांनाही एकमेकांचं अर्धं कळायचं नाही. पण बाबांनी काय नोकरी केली हे मी सांगितलं, तशी गार्डासाहेबांनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. तरुणपणी त्यांची नेमणूक पश्चिमेला समुद्राकाठच्या दलदलीच्या भागात होती, आणि तिथे लोक पोचीन गाळायचे. पोचीन म्हणजे इथली हातभट्टी.

"विचार त्याले, शोधायचे कसे," बाबा म्हणाले.

मी विचारलं. "धूर," गार्डासाहेब म्हणाले. "जिथे घर नाही तिथे धूर दिसला, की निघायचं."

"आमी वासावर," बाबा म्हणाले. "धुराले ते लोक भेतच होते. रात्रीच्या अंधारात पेटवत. पण वास कुठं लपवशीन?"

मग रोज दुपारचा चहा भिंतीपाशी व्हायला लागला. मडकी कुठे पुरतात, कुत्री कशी भुंकवतात, बायका अधिकाऱ्यांना बोलण्यात कशा गुंतवतात, हे दोघांकडेही सारखंच होतं. मला इतकं भाषांतर आयुष्यात कधी करावं लागलं नव्हतं. एक दिवस मात्र बिनसलं. गार्डासाहेब हसत हसत म्हणाले की कधीकधी धूर दिसूनही ते दुसऱ्या रस्त्याने जायचे.

बाबांचा चेहरा बदलला. "काहून?"

"गावात कुणाचं तरी लग्न असायचं."

बाबांनी कप उचलला आणि आत निघून गेले. "असा कसा अधिकारी?" ते मला म्हणाले. "एका गावात मी पायलं हाय. विषारी दारू पिऊन माणसं गेली. रांगेनं ठेवली होती. त्या गावच्या जमादारानंही लग्न हाय म्हणून सोडलं होतं."

ही गोष्ट मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. आईने ऐकली होती, तिने फक्त मान हलवली. दोन दिवस बाबा भिंतीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गार्डासाहेबच डॅमसनच्या दोन बादल्या घेऊन पुढच्या दाराने आले. बाबांनी दार उघडलं, एक बादली हातातून घेतली, आणि ते प्रकरण तिथे मिटलं.

फळं धुऊन, चिरून घ्यायची होती. मी स्वयंपाकघरात सुरी घेऊन बसले, आणि अर्ध्या तासात बाबांना ते बघवेना. माझी पद्धत त्यांना वेळखाऊ वाटत होती. त्यांनी खुर्ची ओढली. "दे इकडं. फळं कापणं काई गुन्हा नाई." मग आईही बसली. बाबा फळाला गोल चीर देऊन पिळायचे, दोन फाका व्हायच्या, आई बी काढायची. सगळ्यांचे हात जांभळे झाले. आईने मधूनच एक फाक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि "मेले मी" म्हणाली, तरी थोड्या वेळाने दुसरी उचलली.

फळं मी रुंद तोंडाच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्यांत भरली आणि वरून पिंपातली बिअर सोडली. पिंपाच्या तळचा थोडा भाग पुढच्या खेपेसाठी ठेवला. दोन दिवसांत फळांतल्या साखरेने बिअर पुन्हा जागी झाली. झाकणातल्या नळीतून बुडबुडे निघायला लागले, फाका वर तरंगल्या, रंग आधी गुलाबी, मग जांभळट लाल झाला. आई सकाळी उठली की आधी शेडमध्ये जाऊन बरण्या बघून यायची. बाबा दारातूनच विचारायचे, "चालू हाय का?"

ऑक्टोबर उजाडला तशी बिअर आजारी पडली.

हा शब्द माझा नाही. बेल्जियमचे लोक असंच म्हणतात. आंबवणाऱ्या जिवाणूंमधली एक जात अशी असते की नवीन साखर मिळाली की ती बिअरमध्ये चिकट गोंदासारखं काहीतरी तयार करते. पाकाला येते तशी बिअरला तार सुटते. दिसायला भयंकर. पण त्याच बिअरमध्ये एक रानटी यीस्टही असतं, ते हळूहळू ही तार खाऊन टाकतं. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यानंतर बिअर पूर्वीपेक्षा चांगली होते. करायचं काहीच नसतं. झाकण उघडायचं नाही आणि थांबायचं.

मी चमच्यात काढून बघत होते तेव्हा बाबा मागे उभे होते. चमच्यातून थेंब खाली पडेना, दोरीसारखा लोंबत राहिला.

"नासलं," बाबा म्हणाले. "तार सुटली. ओतून दे."

"नासलेलं नाही बाबा. हे होतं कधीकधी. आपोआप नीट होईल."

"पोटात जाईन ते. मी सांगून रायलो, ओतून दे."

"मी सांगते ना, मला माहीत आहे हे." आणि मी सगळं समजावून सांगितलं, यीस्ट, जिवाणू, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

पुढच्या आठवड्यात मला डब्लिनला जावं लागलं. तिथल्या चेरीवूड भागात आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस आहे आणि वर्षातून दोन-तीनदा तिथे तोंड दाखवावं लागतं. एक मुक्काम करून मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. अजून उजेड होता. गाडी लावून मागच्या बाजूने आले तर शेडपाशी गवतावर जांभळट फाकांचा सडा पडलेला. चार-पाच काळे पक्षी त्यात नाचत होते, एक तर धड उभाही राहत नव्हता. भिंतीपलीकडून गार्डासाहेब म्हणाले, "तुझ्या पक्ष्यांची आज मोठी चंगळ आहे."

मी शेडमध्ये गेले. एक बरणी होती जागच्या जागी, बुडबुडा काढत. दुसरी धुऊन, पुसून, उपडी ठेवलेली.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. आई ओट्याला टेकून उभी होती. दोघांचं बरंच काही बोलून झालेलं दिसत होतं.

"मी ओतली," बाबा म्हणाले. उगाच फिरवून बोलायची त्यांची सवयच नाही. "दुसरीबी ओतली असती. हिनं नाई ओतू देली."

"का ओतलीत?"

"तू पिशीन म्हणून."

मला राग आला, आणि तो मी गिळला नाही. "बाबा, दोन वर्षं ती मी सांभाळली. तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं. तुम्हाला पटलं नसतं तर तोंडावर सांगायचं होतं, मी घरात असताना. मी नाही हे बघून ओतायची, हे काय?"

"तू ऐकली असती?"

"नसतं ऐकलं. कारण माझं बरोबर आहे."

बाबा उठले. "मले मेलेली माणसं दिसतात, तुले नाई दिसत," म्हणाले आणि खोलीत गेले.

ते विष गाळलेल्या दारूत होतं आणि आंबवलेल्या बिअरमध्ये ते होत नाही, हे मी त्यांना बंद दारातून ओरडून सांगू शकले असते. ते त्यांनाही ठाऊक होतं. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार? पण समोर तार लोंबत असताना, आणि ती आपली पोरगी तोंडात घालणार असताना, ठाऊक असलेलं त्यांच्या कामी आलं नाही. हे मला त्या संध्याकाळीच कळलं. राग त्यामुळे कमी झाला नाही, पण तो जरा वेगळ्या जागी बसला.

काय झालं ते आईने मला नंतर सांगितलं. दुपारी ती वर कपडे घडी करत होती. खालून काच घासल्याचा आवाज आला म्हणून तिने खिडकीतून पाहिलं, तर बाबा बरणी दाराशी ओढून आणून कलती करत होते. ती खाली पोचेपर्यंत पहिली रिकामी झाली होती. मग ती शेडच्या दारात उभी राहिली.

"म्या म्हटलं, घर तिचं हाय. आपुन पाहुणे हावो. पाहुण्यानं घरातल्या वस्तूले हात नाई लावा. तं म्हणे, सरक. म्या म्हटलं, नाई सरकत." मग म्हणाली, "एवढ्या वर्सांत म्या त्याईले पयल्यांदा नाई म्हटलं असन. कामाच्या बाबतीत तं नक्कीच पयल्यांदा."

"तुला माझं पटलं होतं का पण? यीस्टचं वगैरे?"

"मले कायचं समजते ते? पण तू म्हटलं होतं ना, थांबायचं."

राहिलेले दिवस आम्ही नीट वागलो. मी अबोला धरला नाही. असल्या गोष्टी मला जमत नाहीत आणि बाबांनाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गवतावरच्या फाका खराट्याने गोळा केल्या, मी कचऱ्याची पिशवी धरली. आम्ही समुद्र बघायला गेलो, बाजारात जाऊन बाबांसाठी लोकरीची टोपी घेतली. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना शॅननला विमानात बसवून दिलं. बिअरचा विषय निघाला नाही.

बरणी शेडमध्ये तशीच होती. डिसेंबरात मी नळीने थोडी काढली. तार होतीच, पण बारीक झाली होती. फेब्रुवारीत पुन्हा काढली. चमचा वाकडा केला आणि थेंब टपकन पडला, पाण्यासारखा. मी ती शेडमध्ये उभ्या उभ्याच चाखली. आंबट, तुरट, आणि मागे डॅमसनच्या बीतून येणारा किंचित कडू बदामाचा वास. काही बिया आईच्या नजरेतून सुटल्या असणार. जे मी ब्रसेल्सच्या त्या बाकावर बसून प्यायले होते, त्याच्या तोडीचं होतं. मी हे नम्रपणे वगैरे सांगणार नाही. चांगलं जमलं होतं, आणि ते का जमलं हे मला पायरी पायरीने माहीत होतं.

मार्चमध्ये मी ती बाटल्यांत भरली. बाबांना फोनवर सांगितलं, "बिअर नीट झाली." पलीकडून लगेच, "तब्येत बरी हाय ना तुही?"

"ठणठणीत."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं पुन्हा आले. मी बाटल्या त्यांच्यासाठी राखून वगैरे ठेवल्या नव्हत्या. बऱ्याचशा संपल्या होत्या, ऑफिसातले लोक मागून न्यायचे. पण काही होत्या. एका रविवारी ऊन चांगलं होतं म्हणून खुर्च्या बागेत काढल्या. गार्डासाहेब भिंतीला वळसा घालून आले. बाबांना चहा दिला, मी आणि गार्डासाहेबांनी बाटली उघडली. फेस गुलाबी आला आणि लगेच बसला. गार्डासाहेबांनी एक घोट घेतला, ग्लासाकडे पाहिलं, म्हणाले, "ग्रँड." इकडे ग्रँड म्हणजे नुसतं ठीकठाक. पुन्हा एक घोट घेतला. "नाही, ग्रँडपेक्षा बरी आहे."

"मले दे व जरासक," आई म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं नाही. आत जाऊन लहान ग्लास आणला आणि थोडी ओतली. आईने आधी वास घेतला, मग ओठ लावले. तोंड आंबट झालं. मग दुसरा घोट घेतला, यावेळी मोठा.

बाबांनी चहाचा कप गवतावर ठेवला होता. "कशी हाय?" त्यांनी विचारलं. अगदी सरळ, माहिती घ्यायला विचारावं तसं.

आईने विचार केला. "वाळल्या बोरायच्या पाण्यावानी. बोरं रातभर भिजू घातली, अन् थोडं चिचेचं पाणी टाकलं, तसं." पुन्हा एक घोट. "गोड नाई. मले आवडली."

"चढते?"

"एवढुशानं काय चढते?"

गार्डासाहेबांनी मला विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. ते मोठ्याने हसले आणि आईकडे ग्लास उंचावला. आईनेही उंचावला.

थोड्या वेळाने गार्डासाहेब घरी गेले आणि आई आत पोळ्यांचं बघायला गेली. बाबा आणि मी बसून राहिलो. बाबा रिकाम्या बाटलीकडे बघत होते.

"म्या ओतली तेबी अशीच झाली असती?"

मी खोटं बोलू शकले असते. काचेचा, हवेचा फरक असतो, सांगता येत नाही, असं काहीतरी. "हो बाबा," मी म्हटलं. "अगदी अशीच."

त्यांनी मान हलवली. "मंग माहं चुकलं."

"हो."

"पण मले आवडत नाई. तू दारू करतेस, हे मले आज बी आवडत नाई, अन् म्या आवडलं म्हणणार नाई."

"नका म्हणू. चालेल मला."

"पण तुले तुहं काम येते," ते म्हणाले. "ते दिसते."

मला एवढं पुरेसं होतं. याहून जास्त त्यांच्याकडून मी कधी मागितलंही नव्हतं.

त्या वर्षी गार्डासाहेबांच्या झाडांना जवळजवळ काहीच धरलं नव्हतं. एप्रिलमध्ये मोहर फुलला असताना थंडी पडली होती. ही गोष्ट जेवताना निघाली, तेव्हा बाबांनी विचारलं, मग पिंपातल्या नव्या खेपेला प्लम कुठून आणणार. मी म्हटलं, गॉर्ट गावाच्या पुढे एकांची बाग आहे, तिथे रस्त्यालगत पेट्या मांडून ठेवतात.

"मंग उद्याच जाऊ," बाबा म्हणाले. "ऊन हाय तंवर."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीने गेलो. बागेची मालकीण रबरी बूट घालून आली. आईने मराठीतून आणि तिने इंग्रजीतून बोलत दोघींनी पेट्या वरखाली करून पाहिल्या. बाबांनी प्रत्येक पेटीतलं एकेक फळ अंगठ्याने दाबून बघितलं, दोन पेट्या बाजूला सारल्या आणि मला म्हणाले, "ह्या नाई घेऊ. अजून कच्च्या हायेत."

मी दाबून पाहिलं. होत्या कच्च्या. बाकीच्या आम्ही गाडीत भरल्या.